एकेचाळिसावं माप

“इथे उतर,” इओनाबाई म्हणाल्या.

मी पिकअप थांबवली. पुढे ना फाटक होतं, ना ओढा. गुडघाभर वाळकं गवत आणि त्यातून पूर्व-पश्चिम गेलेले काही उथळ चर. एरवी ते कुणाच्या लक्षातही आले नसते, पण मी त्यांच्यासाठीच आठ तास गाडी चालवत आले होते. नव्या जमिनीसाठी पश्चिमेकडे ओरेगॉनला निघालेल्या अमेरिकन कुटुंबांच्या बैलगाड्यांच्या त्या चाकोऱ्या होत्या. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या.

“आपल्याला पलीकडे जायचंय ना?” मी विचारलं.

“चालत जायचं. गाडी न्यायचीच असेल तर पूर्वेच्या फाटकाने वळसा घाल. साडेतीन मैल पडतात.”

“का?”

“आमच्या घरात या चाकोऱ्यांवरून चाक नेत नाहीत.” त्यांनी आधी काठी खाली टेकवली, मग पाय. “गवत खराब होतं म्हणे. सायलस आजोबांचा नियम. माझे वडील चाऱ्याने भरलेली घोडागाडी असली तरी वळसा घालायचे. वाटभर आजोबांच्या नावाने बोटं मोडायचे, पण घालायचे.”

मागच्या सीटवरून धैर्यशीलने मराठीत विचारलं, “काय म्हणत्यात?”

“उतर म्हणतायत.”

“आणि तुझं ते मशीन कोण, मी उचलू व्हय?”

धैर्यशील मगदूम इचलकरंजीचा. आमच्याच विद्यापीठात मेकॅनिकलमध्ये संशोधन करत होता आणि तीन दिवस माझ्याबरोबर मदतनीस, हमाल म्हणून आला होता. त्या बदल्यात परत गेल्यावर मी त्याला महिनाभर रविवारी पुरणपोळी करून घालायची, असं ठरलं होतं. “इओनाबाई” हे नाव त्याचंच. त्यांनी आम्हाला नुसतं इओना म्हणायला सांगितलं होतं. समोर आम्ही तसंच म्हणायचो, पण एक्याऐंशी वर्षांच्या बाईला मनातल्या मनात तसं म्हणणं दोघांनाही जमलं नाही.

त्याने रडारची गाडी खाली काढली. जमिनीच्या आत बघणारं ते यंत्र तीन चाकांच्या सांगाड्यावर बसवलेलं होतं. इओनाबाईंनी ते बघितलं आणि हसल्या. “याला काय गाडी म्हणायचं! ही तर बाबागाडी. ने ढकलत.”

आणि आम्ही ती चाकोऱ्यांवरून ढकलत नेली.

हे बुधवारचं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मृदाशास्त्रात एमएस करत होते. प्रश्न साधा होता: इतक्या वर्षांपूर्वी हजारो चाकांखाली दाबली गेलेली माती अजून दाबलेलीच आहे का, आणि किती खोलवर? चाकोरीत दर एका मीटरवर टोकदार सळई रोवायची आणि ती आत जायला किती जोर लागतो ते नोंदवायचं. साठ ठिकाणी. एप्रिलमध्ये एकदा येऊन मी ही मापं घेऊन गेले होते. एकोणसाठ मापं शहाण्यासारखी एका रेषेत बसली होती. एकेचाळिसावं बसत नव्हतं. वरचा एक फूट इतरांइतकाच कडक, आणि त्याखाली एकदम भुसभुशीत. तीन फुटांवर पुन्हा कडक.

“बिळ असेल,” माझे सर म्हणाले होते. “गाळून टाक. एका बिळासाठी आलेख बिघडवू नकोस.”

मला ते गाळवत नव्हतं. गाळण्यासारखं कारण हाती नव्हतं, एवढंच. म्हणून जूनमध्ये पुन्हा आले. इओनाबाईंनी परवानगी दिली, पण या वेळी एक अट घातली: त्यांचंही एक काम करून द्यायचं.

त्यांचं दोन हजार एकराचं कुरण वाळू-खडी काढणाऱ्या एका कंपनीला विकलं जात होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं, खुब्याचं हाड दोनदा मोडलेलं, आणि पुतण्याला गुरं नको होती. शुक्रवारी दहा वाजता सह्या. कंपनीने एक एकर सोडायचं कबूल केलं होतं. तिथे कुंपण घालायचं, आत कुणी खणायचं नाही. ते एकर एका कबरीसाठी होतं.

ती कबर चाकोऱ्यांच्या पलीकडच्या टेकाडावर. एक वाकडंतिकडं सीडरचं झाड, आणि त्याखाली हातभर उंचीचा दगड: ‘पर्ल केचम. वय वर्षे चार. ११ जून १८५२. येथून जवळ.’

“सायलस आजोबांची बहीण,” घडीच्या खुर्चीवर टेकत इओनाबाई म्हणाल्या. “पटकीने गेली. तिला इथे ठेवून सगळे ओरेगॉनला गेले. बावीस वर्षांनी आजोबा एकटे परत आले. तिकडे त्यांच्या वाट्याची काळीभोर जमीन होती, नदी होती. ती भावाला देऊन या फुफाट्यात आले. लोक म्हणायचे, केचमचं डोकं फिरलंय. सगळं जग पश्चिमेला जातंय आणि हा उलटा. त्यांनी हा दगड उभा केला आणि इथेच राहिले. त्यांच्यामुळे आम्ही सगळे.”

“आणि मी काय बघायचं?”

“ती दगडाच्या कुठल्या अंगाला आहे ते. ‘जवळ’ म्हणजे नक्की कुठे ते सांग. मलाही तिच्याशेजारीच ठेवायचं आहे. तिच्यावर फावडं पडायला नको.”

मी दोऱ्या बांधून चौकटी आखल्या. अशा कामात प्रत्येक गोष्टीची दिशा लिहून ठेवतात, म्हणून सवयीने दगडाचीही लिहिली: अक्षरांची बाजू तीनशे अठरा अंश. वायव्य. त्या भागातले जुने दगड बहुतेक पूर्वेकडे तोंड करून असतात. हा वर चढून येणाऱ्या पायवाटेकडेही बघत नव्हता, वाचायला झाडाला वळसा घालावा लागायचा. मी वहीत दिशेपुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि विसरले.

दुपारपर्यंत आम्ही टेकाड विंचरून काढलं. वारा थांबत नव्हता. पाऊस तीन महिन्यांत झाला नव्हता आणि पडद्यावर सारखी धूळ बसायची. खालच्या मातीचे थर मात्र स्वच्छ दिसत होते. एकावर एक, सलग, कुठेही न मोडलेले. माती एकदा खणली की थर तुटतात आणि पुन्हा जुळायला हजारो वर्षं लागतात. या टेकाडावर कधीच कुणी काही खणलं नव्हतं.

“सापडली?” खुर्चीवरून आवाज आला.

“घरी जाऊन आकडे नीट बघावे लागतील,” मी म्हणाले.

धैर्यशील माझ्याकडे बघत राहिला. गाडी गुंडाळताना हळूच म्हणाला, “पाध्ये, खोटं बोलताना कान लाल होत्यात तुझे.”

“खोटं नाही बोलले. आकडे बघायचेच आहेत.”

“मग काय दिसलं?”

“काहीच नाही.”

“मशीन बंद पडलंय का?”

“मशीन चालू आहे. तिथे कुणी नाही, धैर्या.”

तो दगडाकडे बघत राहिला. “आणि म्हातारी त्याच्या शेजारी झोपायचं म्हणतीय.”

गुरुवारी सकाळी मी काही न सांगता पुन्हा टेकाड तपासलं, मोठा परीघ घेऊन. तेच. मग चाकोरीत उतरले, कारण हात मोकळे ठेवणं शक्य नव्हतं. चाकोरीतल्या दाबलेल्या, खारट मातीत रडार आंधळं होतं, म्हणून एकेचाळिसाव्या जागी लाल झेंडी रोवली आणि सळईच घातली. कडक, मग भुसभुशीत, मग कडक. वीतभर बाजूला, तेच. चारी बाजूंनी सरकत गेले. भुसभुशीत भाग चाकोरीच्याच दिशेने लांबट होता. चार फूट लांब, दीड फूट रुंद. कडा सरळ.

“बिळाला कोपरे असतात का रे?” मी विचारलं.

“आमच्याकडच्या घुशी लई हुशार, पण कोपरे न्हाई काढत,” धैर्यशील म्हणाला. “तुझं हे एकेचाळीस नंबरचं पोरगं बघ, वर्गात एकटंच बाकावर उभं. काय म्हणतंय ते तरी विचार त्याला.”

मी वहीत तो लांबट चौकोन काढला. 

दुपारी इओनाबाईंनी जेवायला बोलावलं. मक्याचा ब्रेड, घेवडा, त्यांना मांस आणि आम्हाला अंडी. टेबलावर एक जाड फाइल होती. सायलसच्या आईच्या डायरीच्या प्रती. मूळ वही संग्रहालयात होती.

“आकडे बघून झाले?” त्यांनी विचारलं.

“होतायत.”

“उद्या दहाला कंपनीचा माणूस त्या एकराच्या खुंट्या ठोकायला येणार आहे, पोरी.”

“हो.”

त्यांनी फाइल उघडली, पण वाचलं पाठच. “‘जून अकरा. पर्ल पहाटे गेली. नऊपर्यंत सगळं आटोपलं. आज पुढे राहायची पाळी आमची. कॅप्टनने एकोणीसही गाड्या एकाच चाकोरीतून नेल्या. मिस्टर केचम अंथरुणात, म्हणून बैल सायलसने हाकले. नऊ वर्षांचा आहे. एकदाही थांबला नाही. चौदा मैल झाले. पाणी वाईट.’”

फाइल मिटून त्या हसल्या. “दर दोन वर्षांनी सगळे केचम जमतात. सत्तर-ऐंशी माणसं. त्यातल्या सर्वांत वयस्क माणसाने हे वाचायचं. आमच्या घरात नववा वाढदिवस मोठा. त्या दिवशी मुलाच्या हातात पहिल्यांदा लगाम द्यायचे, नंतर ट्रॅक्टर आला. मीही नऊ वर्षांची असताना चालवला. वडील म्हणाले, सायलससारखी चालव, थांबू नको.”

“सायलस आजोबा हे सांगायचे?”

“मी त्यांना पाहिलं नाही. वडील सांगायचे, हे वाचन सुरू झालं की म्हातारा उठून गोठ्यात जायचा. कौतुक सोसत नसे म्हणे.”

माझा घास हातातच राहिला. ती एक ओळ डोक्यात फिरत होती. एकोणीसही गाड्या एकाच चाकोरीतून. हे सपाट मैदान अर्धा मैल रुंद होतं. पुढच्या गाडीची धूळ खायला नको म्हणून इथे प्रत्येक जण आपली वेगळी वाट धरायचा. माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्यावरच होतं. इथे सात समांतर चाकोऱ्या होत्या त्या त्यामुळेच. मग त्या दिवशीच सगळ्या एका रांगेत का?

उत्तर मी हिवाळ्यात वाचलेलं होतं. अशा प्रवासांवरच्या एका जुन्या पुस्तकात परिच्छेद होता: वाटेत कुणी गेलं तर वाटेतच पुरायचे, आणि वरून सगळ्या गाड्या न्यायचे. माती इतकी दाबली जायची की लांडग्यांना उकरता येत नसे आणि खूणही उरत नसे. मी त्यातून फक्त चाकांची संख्या टिपून घेतली होती.

“जरा येते,” म्हणून मी उठले. पायीच निघाले. अर्ध्या वाटेत पळायला लागले.

एकेचाळिसाव्या झेंडीपाशी उभं राहून मी टेकाडाकडे होकायंत्र धरलं. एकशे अडतीस अंश. त्यात एकशे ऐंशी मिळवले की तीनशे अठरा. होकायंत्राची खरं तर गरज नव्हती. दोनशे मीटरवरून तो दगड सरळ माझ्याकडे तोंड करून उभा होता. झाडाच्या मागे नाही, तिरका नाही. साऱ्या मैदानात एवढी एकच जागा असावी जिथून तो नीट समोर दिसत होता.

धैर्यशील मागून धापा टाकत आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो उकिडवा बसला आणि झेंडीच्या बाजूच्या मातीला हात लावणार होता, पण त्याने हात मागे घेतला.

“मग उद्या एकर हिकडं आखायचं. सांग की जाऊन.”

“सांगायचं तर सगळं सांगावं लागेल.”

“सगळं म्हंजे?”

“पहिली गाडी कुणाची होती?”

 “आयला,” तो म्हणाला. मग म्हणाला, “नऊ वर्षांचं पोर.”

“आणि हे लोक त्याचा वाढदिवस करतात.”

“मग तेवढं नको सांगू. फक्त जागा सांग.”

मीही तेच ठरवलं होतं. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती मी त्याला सांगितली नाही. जागेला कुंपण पडलं तर माझी चाकोरी मधोमध तुटणार होती, उरलेलं काम तिथे करता येणार नव्हतं. हा विचार मनात आला होता. फार वेळ राहिला नाही, पण आला होता.

इओनाबाई ओसरीवर बसल्या होत्या. मी उभ्यानेच बोलले. टेकाडावर कुणी नाही. थर सलग आहेत. चाकोरीत एक जागा आहे, चार फुटांची, कोपरे असलेली, आणि दगड तिच्याकडे बघतोय. त्या काळी असं करायचे. सायलसचं नाव मी घेतलं नाही.

 वाऱ्याने ओसरीचं जाळीचं दार आपटत होतं.

“असं करायचे ते ठाऊक आहे मला,” त्या म्हणाल्या. “इथलं शेंबडं पोरही जाणतं. पण ते दुसऱ्यांनी केलं, असं आम्ही म्हणायचो. आमच्याकडे दगड होता ना.”

“हो.”

“तुझी खात्री किती?”

“सत्तर टक्के. दोन इंचाची नळी आत घातली तर अर्ध्या तासात पक्कं कळेल. मी अगदी हलक्या हाताने—”

“आमच्या लोकांनी सत्तर टक्क्यांपेक्षा कमीवर ओरेगॉनपर्यंत बैल हाकले.” त्यांनी काठी आडवी मांडीवर घेतली. “बैल हाकणारा गाडीत बसत नाही, माहितीये तुला?”

त्यांनी डावा हात बाजूला धरला.

“चालतो. डाव्या बाजूने, बैलांच्या खांद्याशी. मान वळवली की चाक दिसतं.” त्या चाकोऱ्यांच्या दिशेने बघत होत्या. “गवत खराब होतं म्हणे. साठ वर्षं वळसा घातला मी. एकदाही विचारलं नाही की बाबांनो, या वाळक्या गवतात खराब व्हायचं काय आहे.”

“त्यांनी कुणाला सांगितलं कसं नाही?”

“कुणाला सांगणार? डायरी वाचली की सगळे टाळ्या वाजवायचे.”

जाळीचं दार पुन्हा आपटलं. धैर्यशीलने उठून ते कडीत अडकवलं.

“नळी घालू का?” मी विचारलं. मला राहवत नव्हतं. इतक्या जवळ येऊन न बघणं मला कळतच नव्हतं. “फक्त अर्धा तास. पक्कं कळलं की उद्या—”

“नाही.”

“पण मी चुकत असले तर? तुम्ही स्वतःही तिथेच—”

“तर मी चुकीच्या जागी झोपेन. आजोबांनी दगड जिकडे वळवला, तिकडे.” त्या काठीवर जोर देऊन उठल्या. “तिच्यावरून पुष्कळ काही गेलंय, पोरी. आता पुरे.”

शुक्रवारी दहा वाजता कंपनीचा माणूस आला, पुतण्याही आला. पुतण्या म्हणाला, एवढं छान झाड सोडून उघड्या रानात कशाला? इओनाबाईंनी नकाशावर काठीचं टोक ठेवलं आणि “इथे” एवढंच म्हणाल्या. झाड एकरात बसत नव्हतं. दगड हलवायचं ठरलं. तो त्यांनी कुठल्या दिशेने बसवायला सांगितला, ते मला माहीत नाही.

माझा आलेख साठ मापांसकट छापला गेला. सरांनी विचारलं, हे का ठेवलंस? मी खाली तळटीप लिहिली: ‘मालकाच्या इच्छेनुसार या जागेचा नमुना घेतला नाही.’ परीक्षकांपैकी एकाने त्यावर आक्षेप घेतला, तोही मान्य करण्यासारखाच होता. चार वर्षांनी पुतण्याचं पत्र आलं. इओनाबाईंना ठरल्या जागी ठेवलं होतं. यंदाच्या मेळाव्यात डायरी वाचलीच नाही, सगळे चाकोरीपर्यंत चालत जाऊन आले, असंही त्याने लिहिलं होतं. का वाचली नाही, हे त्याने लिहिलं नव्हतं. तीस टक्के अजून माझ्याकडे तसेच पडून आहेत. अधूनमधून मी ते उलटसुलट करून बघते.

पण त्या शुक्रवारी, खुंट्या ठोकून सगळे गेल्यावर, आमचं सामान अजून पलीकडे होतं. धैर्यशीलने रडारची गाडी ढकलत टेकाडावरून खाली आणली आणि पहिल्या चाकोरीच्या काठाशी तो थांबला. मीही थांबले.

“बुधवारी ह्याच्यावरनंच नेली होती की आपण,” तो म्हणाला.

“हो.”

“बाबागाडी म्हणाली होती म्हातारी.”

“हो.”

“पंचेचाळीस किलो हाय.”

“माहितीये.”

त्याने बाह्या वर सारल्या आणि पुढचा दांडा धरला. मी मागचा धरला. सातही चाकोऱ्या आम्ही एका दमात ओलांडल्या, मध्ये कुठेही न टेकवता. वारा होताच. आमच्या दोघांच्या मधे अधांतरी ती तीन चाकं सावकाश फिरत होती.